नदीकाठच्या छोट्या गिरणी-गावाचा इतिहास कसा लिहावा : मेंडोसिनोच्या आधाराने

एखाद्या गिरणीभोवती वसलेल्या लहान गावाचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप मालकाच्या नावाकडे आणि पहिले यंत्र बसले त्या सालाकडे वळते, कारण ही दोन्ही माहिती कोनशिलेवर, स्मरणिकेत किंवा जुन्या वर्तमानपत्रात तयार मिळते. तिथून सुरुवात केल्यास गावाचा नव्हे, तर कंपनीचा इतिहास लिहून होतो. ज्यांना खरोखर गावाचा इतिहास लिहायचा आहे, त्यांनी कच्च्या मालापासून निघावे, तो माल नदीने कसा आला, कुठे थांबला, कुणाच्या हातून गेला आणि शेवटी कोणत्या बाजारात विकला गेला याचा माग पायरीपायरीने काढावा आणि प्रत्येक पायरीवर मागे काय उरले आहे, कागद, वस्तू की केवळ आठवण, याची नोंद करावी. ही पद्धत कशी वापरायची हे दाखवण्यासाठी इथे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरील मेंडोसिनो हे गाव घेतले आहे. बिग रिव्हर नावाची नदी जिथे पॅसिफिक महासागराला मिळते, तिथल्या उंच कड्यावर ते वसलेले आहे. गाव लहान आहे, त्याच्याविषयीची साधने पुष्कळ आहेत आणि त्याच्या जन्मकथेचा एक धागा थेट मुंबई बंदरापर्यंत येतो.

पहिले काम नकाशाचे. कागदपत्रांना हात लावण्याआधी उंचसखलपणा दाखवणारा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा समोर घ्यावा आणि त्यावर चार जागा शोधाव्यात : कच्चा माल निघाला ती जागा, तो साठवला गेला ती, त्यावर प्रक्रिया झाली ती आणि पक्का माल बाहेर गेला ती. मेंडोसिनोत या चारही जागा एकाच नदीच्या आधाराने उभ्या आहेत. वरच्या खोऱ्यात तीनशे फुटांपर्यंत वाढणाऱ्या रेडवुड वृक्षांचे जंगल होते. मुखापासून सुमारे आठ मैल आतपर्यंत भरतीचे पाणी चढते, त्यामुळे आपल्या कोकणातल्या खाडीसारखा संथ आणि रुंद पट्टा तयार होतो व ओंडके तरंगत ठेवायला तो सोयीचा ठरतो. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला नदीकाठची सपाट जमीन आहे, तिथे पुढच्या काळातली गिरणी होती, आणि त्यापलीकडे उघडा समुद्र. सुरक्षित बंदर मात्र नाही. या एका उणिवेने गावाच्या इतिहासाला बराच आकार दिला, ते पुढे येईलच.

नदीकाठी गिरणी आहे म्हणजे ती पाण्याच्या जोरावर फिरत असणार, असे गृहीत धरू नये. मेंडोसिनोची गिरणी वाफेवर चालत होती आणि तिच्या बॉयलरला लागणारे जळण तिच्याच भुशातून व ढलप्यांतून मिळत होते. तिच्या दृष्टीने नदी ही वाट होती आणि वखारही. आपल्याकडे खाडीकाठच्या ज्या भातगिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारावा लागतो, कारण भात पडावातून येत असेल आणि तांदूळ गलबतातून जात असेल, तर त्या गिरणीचा पाण्याशी असलेला संबंध शक्तीचा नसून वाहतुकीचा ठरतो आणि इतिहास शोधण्याची ठिकाणेही बदलतात. मग पाटबंधाऱ्याच्या नोंदींपेक्षा बंदराच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

नकाशानंतर प्रत्यक्ष जागा पाहावी आणि ती ओहोटीच्या वेळी पाहावी. बिग रिव्हरच्या खाडीत पाणी उतरले की चिखलात रोवलेल्या जुन्या खांबांच्या ओळी उघड्या पडतात. ओंडके अडवून धरण्यासाठी केलेल्या तरंगत्या अडसरांचा तो उरलेला सांगाडा आहे. खांबांची दिशा आणि परस्परांतील अंतर नकाशावर उतरवले की ओंडके कुठे थोपवले जात आणि गिरणीकडे कोणत्या बाजूने सोडले जात हे कळते, आणि ही माहिती कोणत्याही हिशेबवहीत इतक्या स्पष्टपणे मिळत नाही.

आता मालाच्या वाटेने चालायचे. ही पायरी सर्वांत वेळखाऊ आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, म्हणून ती घाईने उरकू नये. रेडवुडचा बुंधा तळाशी फार रुंद असतो, म्हणून तोडणारे खोडात खाचा पाडून त्यांत फळ्या बसवत, जमिनीपासून काही फूट वर उभे राहत आणि कुऱ्हाडीने व लांब करवतीने झाड पाडत. पडलेल्या झाडाची साल सोलली जाई, खोडाचे तुकडे केले जात आणि आडव्या ओंडक्यांच्या वाटेवरून बैलांच्या अनेक जोड्या ते ओढत नदीच्या पात्रात आणून टाकत. उन्हाळाभर ओंडके कोरड्या पात्रात साचत राहत. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे तिथल्या कामाचे ऋतुचक्र आपल्या उलट चालते. हिवाळी पावसाने नदी फुगली तरी एवढे अवजड लाकूड हलवण्याइतके पाणी दर वेळी नसे. म्हणून नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर लाकडी बंधारे बांधले होते. काळाच्या ओघात त्यांची संख्या वीसच्या पुढे गेली. त्यांमागे पाणी तुंबवायचे आणि मग दारे एकदम उघडून त्या लोंढ्याबरोबर ओंडके खाली न्यायचे, अशी ती रीत होती. या एका रीतीत गिरणीचे अर्थकारण, मजुरांचे वर्षाचे वेळापत्रक आणि नदीचे झालेले नुकसान ही तिन्ही अंगे सापडतात. लोंढ्याने पात्र खरवडले जाई, काठ ढासळत आणि सामन माशांची वीण होण्याच्या जागांना धक्का बसे. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी ओंडके वरच अडकून पडत आणि खाली गिरणीला काम नसे. गिरणीच्या बंद दिवसांचा ताळा पावसाच्या आकड्यांशी घालून पाहणे हे अशा गावाच्या इतिहासकाराचे पहिले गणित असावे.

गिरणीत कापलेली फळी बाहेर कशी गेली, हा पुढचा प्रश्न. किनारा खडकाळ, लाटा मोठ्या आणि धक्का बांधायला जागा नाही, त्यामुळे फळ्या कड्याच्या टोकाशी नेल्या जात आणि तिथून समुद्रावर झुकवलेल्या लाकडी घसरगुंडीवरून एकेक करून खाली उभ्या असलेल्या जहाजावर सोडल्या जात. घसरगुंडीच्या टोकाला वेग रोखणारी झडप असे आणि डेकवरचा माणूस आलेली फळी हाताने धरून रचत असे. पुढे जाड तारेवरून भार सोडण्याची सोय आली. जहाज अनेक दोरांनी चारी बाजूंना बांधून ठेवलेले असे आणि वारा फिरला तर दोर सोडून लगेच समुद्रात निघावे लागे. या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांची यादी लांब का आहे, हे एवढ्यावरून समजते. या मालवाहू शिडाच्या जहाजांपैकी १८९५ साली बांधलेले ‘सी. ए. थेअर’ सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी संग्रहालयाने जतन केले आहे. अशी एखादी वस्तू उपलब्ध असेल तर वर्णने वाचण्याआधी ती पाहावी. डेकची लांबीरुंदी डोळ्यांनी पाहिल्यावर त्या कामातला धोका नेमका कळतो.

यानंतर आरंभाकडे वळावे, आणि वळताना गावाने स्वतःविषयी सांगितलेल्या स्थापनेच्या सालापाशी न थांबता एक पाऊल मागे जावे. मेंडोसिनोच्या स्थापनेचे साल १८५२ सांगितले जाते, कारण त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी हेन्री मिग्ज यांच्या कंपनीची यंत्रसामग्री ‘ऑन्टारिओ’ या जहाजाने इथे आली आणि कड्यावर पहिली गिरणी उभी राहिली. पण मिग्ज यांना ही जागा कळली कशी? सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांनी सॅन फ्रान्सिस्को एकाएकी वाढले होते, १८४९ ते १८५१ या काळात ते आगींमध्ये वारंवार जळले होते आणि लाकडाला वाटेल तो भाव होता. तरीही मिग्ज यांनी १८५१ मध्ये जेरोम फोर्ड यांना उत्तरेला पाठवले ते लाकडासाठी नव्हे. आदल्या वर्षी, २५ जुलै १८५० रोजी, ‘फ्रॉलिक’ नावाचे जहाज मेंडोसिनोच्या उत्तरेला पॉइंट कॅब्रिलोजवळ खडकावर आदळून फुटले होते आणि त्यावरचा चिनी माल हाती लागतो का, हे पाहण्यासाठी फोर्ड गेले होते. माल बराचसा आधीच तिथल्या मूळ रहिवासी पोमो लोकांनी उचलला होता. फोर्ड परतले ते रेडवुडच्या जंगलाची बातमी घेऊन.

इथून एक पाऊल आणखी मागे गेले की ‘फ्रॉलिक’चा स्वतःचा इतिहास समोर येतो. हे वेगवान जहाज १८४४ मध्ये बाल्टिमोर इथे बांधले गेले ते बॉस्टनच्या ऑगस्टिन हर्ड आणि कंपनीसाठी, आणि त्याचे काम होते मुंबईहून चीनच्या किनाऱ्यावर अफू नेण्याचे. इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातील इतर संस्थानांत पिकलेली अफू मुंबईत येई, ईस्ट इंडिया कंपनी तिच्यावर परवान्याचा कर घेई आणि मग ती जहाजात चढे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह मुंबईतील अनेक व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. वाफेची जहाजे या मार्गावर आल्यावर शिडाच्या ‘फ्रॉलिक’ला ती स्पर्धा जड जाऊ लागली, म्हणून मालकांनी त्याला चिनी मालाने भरून कॅलिफोर्नियाच्या नव्या बाजारपेठेकडे पाठवले. चिनी मातीची भांडी, रेशीम, लाकडी सामान आणि बाटलीबंद बिअर हा माल त्यात होता आणि खलाशांत मलाय व चिनी लोकांबरोबर हिंदुस्थानी लस्करही, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांतून भरती होणारे खलाशी, होते. तेव्हा माळव्यातल्या शेतापासून कॅलिफोर्नियातल्या लाकूड गिरणीपर्यंत एक साखळी तयार होते, आणि ती १८५२ या सालापासून लिहिलेल्या इतिहासात दिसूच शकत नाही.

ही साखळी कशी सापडली, हे पद्धतीच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञ थॉमस लेटन हे समुद्रापासून बऱ्याच आत, विलिट्स गावाच्या पश्चिमेकडील डोंगरातील पोमो लोकांच्या जुन्या वस्तीवर उत्खनन करत होते. तिथे त्यांना चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. काही तुकड्यांना भोके पाडून मणी केलेले होते आणि बाटलीच्या हिरव्या काचेतून बाणांची टोके घडवलेली होती. अशा ठिकाणी चिनी भांडी कशी आली, या प्रश्नाने ते फुटलेल्या जहाजापर्यंत पोचले, जहाजाच्या अवशेषांतून पाणबुड्यांनी पूर्वीच वर काढलेल्या वस्तूंशी त्यांनी ताळा घातला आणि मग हर्ड कंपनीच्या जपून ठेवलेल्या व्यापारी कागदपत्रांत शिरले. वस्तूपासून कागदाकडे हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांच्या नावे कागद लिहिले जात नाहीत त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट बहुधा याच दिशेने जाते.

पोमो लोकांचा उल्लेख ‘पूर्वी इथे आदिवासी राहत’ अशा एका वाक्यात संपवू नये. गिरणी आली तेव्हा ते तिथे राहत होते आणि नंतरही राहिले. १८५० सालच्या कॅलिफोर्नियाच्या एका कायद्याला मूळ रहिवाशांच्या संरक्षणाचे नाव असले तरी त्याने त्यांना वेठीला धरणे आणि त्यांची मुले ‘उमेदवार’ (काम शिकणारी) म्हणून कामाला लावणे कायदेशीर केले. १८५६ मध्ये जवळच नोयो नदीपाशी मूळ रहिवाशांना ठेवण्यासाठी मेंडोसिनो आरक्षित क्षेत्र स्थापन झाले, दुसऱ्या वर्षी तिथे फोर्ट ब्रॅग हे लष्करी ठाणे उभे राहिले आणि दहा वर्षांच्या आत ते क्षेत्र मोडीतही निघाले. गिरणीला जमीन कशी मिळाली या प्रश्नाचे उत्तर खरेदीखतात शोधताना त्या खताच्या आधीची ही दहा-पंधरा वर्षे वाचली नाहीत, तर इतिहास अर्धा राहतो आणि जो अर्धा राहतो तो अन्यायाचा असतो. आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या गिरणीच्या गावाविषयी लिहितानाही गिरणीच्या जागेवर आधी कुणाची कुळवहिवाट होती, मिठागर होते की भातखाचर, आणि कोळ्यांची जाळी सुकवण्याची जागा कुठे गेली, हे प्रश्न फेरफार नोंदींना विचारायला हवेत.

कागदपत्रांकडे जाताना प्रत्येक प्रकारच्या कागदाची मर्यादा आधी समजून घ्यावी. अमेरिकेत जनगणनेच्या मूळ याद्या बहात्तर वर्षांनंतर खुल्या होतात आणि त्यांत घरोघरच्या माणसांची नावे, वय, जन्मस्थान व व्यवसाय मिळतो. मेंडोसिनोत कोण अझोर्स बेटांवरून आलेला पोर्तुगीज, कोण फिनलंडचा, कोण चिनी, हे त्यांतून कळू शकते. मात्र १८९० च्या बहुतेक याद्या आगीमुळे नष्ट झाल्या, त्यामुळे १८८० ते १९०० हा वीस वर्षांचा खंड वर्तमानपत्राने आणि कराच्या नोंदींनी भरून काढावा लागतो. गावात १८७७ पासून ‘मेंडोसिनो बीकन’ हे साप्ताहिक निघत होते, ही मोठी सोय आहे. सॅनबॉर्न कंपनीने विम्यासाठी काढलेले नकाशे अमेरिकेतील हजारो गावांचे उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक इमारत लाकडाची की विटेची, बॉयलर कुठे, पाण्याची टाकी कुठे हे दाखवलेले असते, कारण विमा कंपनीला आगीची काळजी होती. मेंडोसिनोसारख्या संपूर्ण लाकडी गावाला ती काळजी खरीच ठरली : १८७० च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला.

भारतात जनगणनेच्या घरोघरच्या याद्या अभ्यासकाला मिळत नाहीत, केवळ बेरजा मिळतात, म्हणून माणसांची नावे दुसरीकडून गोळा करावी लागतात. माझ्या अनुभवाने शाळेचे जनरल रजिस्टर हे यासाठी सर्वांत दुर्लक्षित साधन आहे, कारण त्यात मुलाच्या नावापुढे पालकाचा धंदा आणि जन्मगाव लिहिलेले असते आणि एका पिढीत गिरणीने कोणत्या तालुक्यांतून माणसे ओढली याचा नकाशाच त्यावरून काढता येतो. त्याखालोखाल जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीची घरपट्टीची वही आणि सापडलाच तर गिरणीचा हजेरीपट. जुनी जिल्हा गॅझेटियरे जरूर वाचावीत, परंतु ती महसूल अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत आणि बाईच्या श्रमाची नोंद त्यांत फार क्वचित येते, हे वाचताना विसरू नये.

तोंडी आठवणींचे काम कागद वाचून झाल्यावर करावे, आधी नव्हे, कारण काय विचारायचे हे तोवर ठाऊक नसते. ‘तुमच्या वेळी गाव कसे होते?’ या प्रश्नाला सगळीकडे सारखेच उत्तर मिळते. ‘भोंगा किती वाजता व्हायचा, जेवणाचा डबा कोण आणायचे, बोट कापले गेले तर आधी कुणाकडे जायचे?’ या प्रश्नांना प्रत्येक घरात वेगळे आणि नेमके उत्तर मिळते. आठवण आणि कागद यांत फरक पडला तर दोन्ही लिहावे. मेंडोसिनोतील क्वान ताई मंदिर हे याचे उदाहरण आहे. तिथल्या चिनी कुटुंबांची परंपरा मंदिराची स्थापना १८५० च्या दशकात सांगते, जमिनीची नोंदलेली कागदपत्रे मात्र १८८० च्या दशकातली आहेत. परंपरा चुकीची आहे असे यावरून ठरवता येत नाही. चिनी लोकांच्या हातात मालकीचा कागद उशिरा येण्याला त्या काळात पुष्कळ कारणे होती आणि १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांचे अमेरिकेत येणेच रोखले गेले. दोन तारखांमधले अंतर हीच इथे महत्त्वाची माहिती आहे आणि ती पुसून एकच साल छापणे योग्य नव्हे.

बाजाराकडे थोडक्यात पण न चुकता पाहावे. हेन्री मिग्ज कर्जात बुडून १८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून पळाले आणि पुढे पेरूमध्ये रेल्वे बांधणारे म्हणून गाजले, पण गिरणी त्यांच्यानंतरही चालली, कारण शहराला लाकूड हवेच होते. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले तेव्हा या किनाऱ्यावरील लाकडाला पुन्हा प्रचंड मागणी आली. जवळचे जंगल संपत गेले, मंदी आली आणि १९३८ मध्ये मेंडोसिनोची गिरणी बंद पडली. शहराची आपत्ती हा गावाचा सुकाळ होता, ही गोष्ट दोन्हीकडच्या तारखा शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून गावाच्या घटनांचा तक्ता करताना शेजारी बाजारपेठेच्या शहराचा रकाना ठेवावा.

गिरणी बंद पडली तिथे लेखन थांबवू नये. मेंडोसिनोत १९५९ मध्ये कला केंद्र सुरू झाले आणि रिकामी पडलेली लाकडी घरे चित्रकारांनी व पर्यटकांनी भरू लागली. १९७१ मध्ये गाव आणि भोवतालचा कडा राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत गेला आणि २००२ मध्ये बिग रिव्हरच्या खोऱ्यातील सात हजारांहून अधिक एकर जंगल राज्याच्या उद्यान खात्याकडे आले. जुन्या बंधाऱ्यांचे आणि ओंडकेवाटांचे अवशेष आता त्याच खोऱ्यात आहेत, आणि नदी सुधारण्यासाठी काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना ओंडके कुठे, कसे आणि किती वर्षे वाहवले गेले याची माहिती लागते. त्यामुळे इतिहासकाराने केलेला खांबांचा नकाशा आणि बंधाऱ्यांची यादी ही त्यांच्या रोजच्या कामाची वस्तू ठरते. आपल्या गावाचा इतिहास लिहून झाल्यावर त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवताना सोबत नकाशे, मुलाखतींच्या ध्वनिफिती, छायाचित्रांमागची नावे आणि कोणते विधान कोणत्या कागदावर आधारले आहे याची वहीही ठेवावी, आणि मुलाखत देणाऱ्या प्रत्येक घरी छापील प्रत पोचवून, त्यांनी दाखवलेल्या दुरुस्त्या त्या वहीतच तारखेसह उतरवून घ्याव्यात.